आधी मॉनिटर ठरवू

स्वस्तात कॉम्प्युटर जुळवून हवाय म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की बोलणं प्रोसेसरपासून सुरू होतं. इंटेल घेऊ की रायझन, आय५ पुरेल का, ग्राफिक कार्ड किती जीबीचं. मी ऐकून घेते आणि मग विचारते, मॉनिटरला किती ठेवलेत? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. घरात जुना पडलाय तो लावू, नाहीतर उरतील त्या पैशात बघू. गेम खेळणाऱ्या मुलानं असं म्हटलं तर मी वाद घालत नाही. फोटोचं किंवा डिझाइनचं काम करणाऱ्यानं म्हटलं तर घालते, आणि आग्रहानं घालते. त्या कामात हाताआधी डोळा लागतो. दिसलंच नाही ते सुधारणार कसं?

मी बडोद्यात लग्नपत्रिका, दुकानांची लेबलं, वास्तुशांतीची निमंत्रणं अशी कामं करते आणि त्यांच्या जोडीला जुने फोटो दुरुस्त करते. या शहरात जुन्या फोटोंना तोटा नाही. सयाजीरावांच्या काळात इथे आलेली, किंवा त्याही आधी सरदारांबरोबर आलेली मराठी घराणी अजून आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर पगडी-अंगरख्यातले पणजोबा आहेत. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन सुरू केलं आणि त्याची सूत्रं प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. तिथे चित्रकलेबरोबर रंगकाम, रसायन, यंत्रकाम शिकवलं जायचं. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. नंतर याच कलाभवनात शिकले, आणि पुढे ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात पडले. गज्जर मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं तेव्हा तो डाग त्यांनीच काढला होता. डाग काढायचा आणि खालच्या दगडाला ओरखडा उठू द्यायचा नाही, हे मला माझ्याच कामाचं जुनं रूप वाटतं, म्हणून ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

२०२४ च्या जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. नदीकाठच्याच काय, दूरच्या सोसायट्यांतही तळमजले पाण्याखाली गेले. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून काय बाहेर आलं ते कमी जणांनी पाहिलं. गाद्या, फ्रिज, आणि ओले अल्बम. गणपती बसायच्या आधीपासून माझ्याकडे पिशव्या येऊ लागल्या. प्लास्टिकच्या पानांना चिकटलेले फोटो, फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो, चिखलाचा थर बसलेले फोटो. रसायनात धुऊन काढलेले जुने फोटो पाण्यात बऱ्यापैकी टिकतात. स्वच्छ थंड पाण्यात हलवून चिखल सोडवायचा, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि तोंड वर करून सावलीत वाळवायचे. घरच्या साध्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्यांचे रंग मात्र बहुधा वाहून गेलेले असतात. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढायचा नाही, जिलेटिनचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट स्कॅन करायचा.

माझी भाची तेव्हा फाइन आर्ट्सच्या अप्लाइड आर्ट्सला शिकत होती. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० पासूनची, आणि बडोद्याच्या माणसाला तिचा अभिमान वाटतो तो उगाच नाही. तिथले ज्योती भट्ट चित्रकार, मुद्राचित्रकार आणि छायाचित्रकारही. गुजरातेतल्या भिंतींवरची, अंगणातली लोककला त्यांनी वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात टिपली, आणि त्यांचा तो संग्रह आता एशिया आर्ट आर्काइव्हनं डिजिटल रूपात जपला आहे. तर अशा ठिकाणी शिकणारी पोर त्या दिवसांत रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची, फोटो वाळवायची, क्रमांक घालायची, स्कॅन करायची. हळूहळू तिला दुरुस्तीची गोडी लागली. तिचा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, मोठी फाइल उघडली की पंखा ओरडायचा आणि कर्सर जागीच थांबायचा. पुढच्या उन्हाळ्यात ताई म्हणाली, "हिला घरी नीट काहीतरी घेऊन देऊ. तूच बघ काय ते." भावोजींनी आकडा सांगितला. साठ हजार, मॉनिटरसकट.

साठ हजार ही मोठी रक्कम आहे, आणि या कामासाठी ती छोटीही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या धरूनच बाजारात जावं लागतं. सगळ्या भागांवर थोडं थोडं वाचवलं की एकही भाग धड नसलेलं यंत्र हातात येतं. त्यापेक्षा कुठे एक पैसाही कमी करायचा नाही ते आधी ठरवावं, आणि बाकीच्या ठिकाणी निर्धास्त हात आखडावा. मी भाचीला तीन ठिकाणं लिहून दिली: मॉनिटर, मेमरी म्हणजे रॅम, आणि एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी. तिसरं नाव वाचून ती चकित झाली. त्याबद्दल पुढे सांगते.

मॉनिटरवर मला रेंगाळू द्या. दुकानात ओळीनं लावलेले पडदे पाहिले की सगळ्यात उजळ आणि भडक पडदा सगळ्यात चांगला वाटतो. तिथेच काम बिघडतं. उजळ पडद्यावर फोटो सुधारणारा नकळत तो गडद करत जातो, आणि मग प्रिंट हातात आली की लोक म्हणतात, मशीनवाल्यानं अंधारी छापली. छापखान्याचा काही दोष नसतो. फोटोच्या कामाला पडद्याचा उजेड चौरस मीटरला शंभर ते एकशेवीस कँडेला इतकाच लागतो, पांढरा रंग ६५०० केल्व्हिनच्या आसपास. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो बहुधा याच्या दुप्पट उजेडावर आणि निळसर झाक घेऊन. पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे मान जरा इकडेतिकडे झाली तरी रंग पालटत नाहीत. आणि एसआरजीबीचे रंग पूर्ण, निदान शंभराच्या अगदी जवळ, दाखवणारं हवं. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडलेलं रंगांचं माप. आज वेबवरचं आणि साध्या फोटोलॅबमधलं बहुतेक काम त्याच मापात चालतं. स्वस्त पडदे त्यातले साठ-सत्तर टक्केच दाखवतात. उरलेले रंग फाइलमध्ये असतात, तुम्हाला दिसत नाहीत.

ते उरलेले रंग कुठले? आपल्या लग्नातले. राणी, मोरपंखी, गर्द केशरी, पैठणीच्या काठातला तो जांभळा. बडोद्यात मराठी-गुजराती लग्नं पुष्कळ, एकाच अल्बममध्ये अष्टपुत्रीचा हळदीपिवळा आणि पानेतराचा पांढरा-लाल येतो. पिवळ्या साडीचा उजेड मुलीच्या हनुवटीखाली पडतो आणि चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. तो पिवळा किती काढायचा? थोडा राहू दिला तर हळदीचं तेज, जास्त काढला तर चेहरा राखेसारखा. इतक्या बारीक फरकाचा निर्णय खोटं दाखवणाऱ्या पडद्यावर कसा घेणार?

जुन्या कृष्णधवल फोटोत रंगाचा प्रश्न नाही, म्हणून तिथे कुठलाही पडदा चालेल असं लोकांना वाटतं. तिथे तर तो आणखीच चालत नाही. काळ्या कापडापुढे काळी टोपी घालून बसलेले आजोबा घ्या. टोपी आणि पार्श्वभूमी यांच्यात करड्याच्या दोन-चार पायऱ्यांचा फरक असतो. साधा पडदा त्या सगळ्या एकाच काळ्यात बुडवतो. आपण समजतो टोपीची कड उडून गेली, आणि नवी कड रंगवायला बसतो. खरी कड तिथेच असते.

भाचीला हे पटावं म्हणून तिला मी लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये घेऊन गेले. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. तीच चित्रं आपल्याकडच्या देवघरांत छापील प्रतींतून पोचली. बडोद्याचे एकेकाळचे दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रं परदेशी पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्याव्यात. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. चित्रातला एक लाल म्हणजे कुणीतरी बसून ठरवलेले गुलाबी, पिवळा, तपकिरी यांचे एकावर एक थर. मूळ चित्रापुढे उभं राहून भाचीनं फोनवर त्याच चित्राची प्रत उघडली. साडीचा लाल दोन्हीकडे वेगळा. "मावशी, मग खरा कुठला?" मी म्हटलं, समोरचा. पण समोरचा सगळ्यांना मिळत नाही, म्हणून मधल्या माणसाचा डोळा चांगला लागतो, आणि त्याचा पडदाही.

परत येताना मॉनिटरचा निर्णय झाला होता. चोवीस इंची, १६:१० मापाचा, म्हणजे नेहमीच्यापेक्षा उभा थोडा जास्त. पत्रिकेचं उभं पान त्यात सुखानं मावतं. साठातले सोळा-सतरा हजार एकट्या त्याला गेले. दुकानदार भला माणूस, त्याला वाईट वाटलं. "बेन, एमां तो गेमिंगवाळो मोटो आवी जाय," तो म्हणाला. त्या पैशात गेमिंगचा मोठा येतो हे खरंच होतं. आम्हाला मोठा नको होता.

मेमरीचा हिशेब सरळ आहे, आणि तो प्रत्येकानं एकदा कागदावर मांडावा असं मला वाटतं. दहा बाय बारा इंची जुना फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की ६००० गुणिले ७२००, म्हणजे चार कोटी बत्तीस लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, आणि सोळा बिटमध्ये प्रत्येक रंगाला दोन बाइट. झाले जवळपास २६० एमबी. हा एक थर. दुरुस्ती करताना मूळ थर जपायचा, ओरखड्यांचा वेगळा, डागांचा वेगळा, चेहऱ्याचा वेगळा. असे दहा पूर्ण थर झाले की अडीच जीबी, आणि मागे जाण्यासाठी सॉफ्टवेअर जपून ठेवतं त्या पायऱ्या निराळ्या. त्यात ब्राउझर उघडा, गाणी चालू. आठ जीबीचा श्वास का कोंडतो ते कळतं.

सोळा बिट कशाला, आठात का नको, असंही विचारतात. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. विटलेल्या फोटोत काळा काळा उरलेला नसतो, पांढराही पिवळा पडलेला असतो, सगळं चित्र मधल्या साठ-सत्तर पायऱ्यांत आक्रसून बसतं. ते ताणून पूर्ण रुंदीचं करायला गेलं की पायऱ्यांमध्ये फटी पडतात, आणि कपाळावर, आकाशात पट्टे उमटतात. सोळा बिटमध्ये पायऱ्या इतक्या असतात की ताणलं तरी फट दिसत नाही. शेवटची फाइल खुशाल आठची करा, स्कॅन आणि दुरुस्ती मात्र सोळात.

म्हणून बत्तीस जीबी घेतली, सोळाच्या दोन पट्ट्या. दोन अशासाठी की जोडीनं लावल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम वाचतो, आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसताना ग्राफिकही याच मेमरीवर जगतं. आमच्या नशिबानं ती खरेदी २०२५ च्या उन्हाळ्यातली. वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव कित्येक पट चढले. आज कुणाला बत्तीस परवडत नसेल तर मी सांगते, आठच्या दोन घ्या, पण मदरबोर्ड चार खाचांचा घ्या. एच६१० चा बोर्ड स्वस्त असतो, त्याला दोनच खाचा. बी६६० च्या बऱ्याच बोर्डांना चार मिळतात. त्या दोन रिकाम्या खाचांसाठी थोडे जास्त मोजणं मला पटतं.

प्रोसेसरवर फार बोलायला नको. आय५-१२४००, सहा कोअर म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग, या कामाला भरपूर. फोटोशॉप किंवा कोरलमधली बहुतेक कामं एकावेळी थोडेच कोअर वापरतात, त्यामुळे बारा-सोळा कोअरला पैसे घालून ब्रश लवकर हलत नाही. एकच गोष्ट पाहून घ्यायची, नावाच्या शेवटी एफ नको. १२४००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक नसतं, आणि कार्ड न लावता तो जोडला तर पडदा उजळणारच नाही. एएमडीकडे जायचं असेल तर रायझन ५ ५६००जी याच पठडीतला आहे. दोन्हींत डावं-उजवं करत वेळ घालवू नये. फाइली साठवायला एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, घेतली. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी, हिचा तीन हजारांच्या पुढे. मेमरी भरली की सॉफ्टवेअर याच डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत (स्क्रॅच डिस्क) लिहू लागतं, तेव्हा हा फरक हाताला लागतो.

आता एसएमपीएस. बाजारात कॅबिनेटबरोबर "आत एसएमपीएस फ्री" अशी पद्धत आहे. ते फुकटचं मी कधी घेऊ देत नाही. बाकीच्या प्रत्येक भागाची वीज त्याच्यातून जाते. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात, दाब खालीवर होतो, आणि पहिल्या वादळी पावसात वीज जाते-येते, जाते-येते. असल्या हवेत हलका एसएमपीएस जळतो, आणि कधी कधी जाताना मदरबोर्ड बरोबर घेऊन जातो. ८० प्लस ब्राँझ, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का, असं लिहिलेला, नावाजलेल्या बनावटीचा ५५० वॅटचा घेतला. तेव्हा आमचं यंत्र जोर लावूनही दीडशे वॅटच्या वर जाणार नव्हतं. ५५० ची गरज पुढे पडणार होती. यूपीएस ताईच्या घरी होताच, त्याची बॅटरी बदलली, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं. हे काम कुणी कॉम्प्युटरच्या खर्चात धरत नाही. धरावं.

कॅबिनेट निवडताना भाचीला काचेचं, दिव्यांचं आवडलं होतं. पुढून पूर्ण काच असलेल्या पेटीत हवा शिरायला वाट नसते. आपल्याकडे खोलीतली हवाच तापलेली, तिला निदान जाऊ-येऊ तरी द्यावं. जाळीच्या तोंडाचं, धुळीची गाळणी सहज निघणारं कॅबिनेट घेतलं. ती गाळणी पंधरवड्याला झटकायची, एवढी शिस्त भाचीनं लावून घेतली आहे.

जोडणी आम्ही दोघींनी घरीच केली, जेवणाच्या टेबलावर. प्रोसेसरवरचा त्रिकोण आणि खाचेवरचा त्रिकोण जुळवायचा, जोर लावायचा नाही, आणि रॅमला मात्र दोन्ही टोकांची कट् ऐकू येईपर्यंत लावायचा. ताई चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा भाचीपेक्षा तिलाच जास्त आनंद झाला.

सॉफ्टवेअरवर पैसे उरले नव्हते, आणि क्रॅक केलेलं काही त्या यंत्रात घालायचं नाही हे आधीच ठरलं होतं. उद्या जी मुलगी आपल्या डिझाइनचे पैसे मागणार, तिनं दुसऱ्याच्या कामाचे बुडवू नयेत. कॅमेऱ्यातल्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या, फाइलींसाठी डार्कटेबल, दुरुस्तीसाठी गिंप, रेखाटनाला क्रिता, पत्रिकेला इंकस्केप. चारही मोफत आणि मोकळी. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, त्यात परिणाम मूळ चित्राला हात न लावता चढवता-उतरवता येतात, त्यामुळे माझ्या मनातली जुनी अढी गेली. या मोफत सॉफ्टवेअरांत देवनागरी आणि गुजराती जोडाक्षरं बरोबर उमटतात, हे आमच्या धंद्यात फार मोलाचं. बडोद्यातल्या पत्रिकेत एका बाजूला "आमचे येथे श्रीकृपेकरून" आणि दुसऱ्या बाजूला गुजराती कंकोत्री. दोन्ही लिप्या एका घरच्या दिसाव्यात अशी इच्छा असते. एक टाइपचा मुक्ता हा देवनागरी फाँट आणि त्याचा गुजराती भाऊ मुक्ता वाणी हे दोन्ही मोफत आहेत. त्यांची जाडी, वळणं एकमेकांना धरून आहेत. ते वापरून भाचीनं केलेली पहिली पत्रिका मी माझ्या फाइलीत लावून ठेवली आहे. छापखाने अजून कोरलची फाइल मागतात. अक्षरांचे नुसते आकार करून, म्हणजे त्यांच्याकडे तो फाँट नसला तरी चालेल अशी, पीडीएफ दिली की बहुतेक जण घेतात.

मॉनिटरचा रंग मोजायचं यंत्र, कॅलिब्रेटर, एकटीनं घेणं परवडत नाही आणि रोज लागतही नाही. आम्ही ओळखीच्या काही जणी-जणांनी मिळून एक घेतलंय. ते फिरत असतं. महिन्या-दीड महिन्यानं ज्याच्याकडे जाईल तो आपला पडदा मोजून घेतो. डिस्प्लेकॅल हे त्याचं मोफत सॉफ्टवेअर. दुकानात मॉनिटर निवडताना घातलेले पैसे यामुळे वसूल राहतात, कारण चांगला पडदाही वर्षभरात हळूहळू सरकतो आणि आपल्या डोळ्याला ते सरकणं कळत नाही.

ग्राफिक कार्डाचं मी टाळत आले होते. त्याची वेळ नवरात्रात आली. बडोद्याचा गरबा रात्रीचा, हजारो माणसं फेर धरतात, आणि फोटो काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० किंवा त्याच्याही वर न्यावा लागतो. फोटोंत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. ते काढायचं एआय डिनॉइज अ‍ॅडोबीच्या लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलं, आणि ते जवळजवळ सगळं ग्राफिक कार्डावर चालतं. भाचीनं गरब्याच्या फोटोंची कामं घेतली, तेवढ्यासाठी लाइटरूम महिन्याच्या भाड्यानं घेतलं. प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागू लागली. रात्रभर यंत्र चालवून तिनं ते काम वेळेत दिलं, आणि दिवाळीनंतर त्या कमाईतून आठ जीबीचं कार्ड घेतलं. ५५० वॅटचा एसएमपीएस तिथे कामाला आला, काहीच बदलावं लागलं नाही. पहिल्या दिवशी हेच कार्ड घेतलं असतं तर साठ हजारांत तो मॉनिटर बसला नसता. आणि ती मुलगी पुराचे फोटो खोट्या पडद्यावर वेगानं बिघडवत बसली असती.

पुराचं नाव निघालंच आहे तर प्रतींचं सांगते. माझ्याकडे आलेल्या घरांपैकी काहींचे फोटो स्कॅन केलेले होते, ते ज्या कॉम्प्युटरमध्ये होते तोही तळमजल्यावर होता. भाचीचं काम तीन ठिकाणी असतं. एक यंत्रात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी प्रत माझ्याकडे. ताई मांजलपूरला पहिल्या मजल्यावर राहते, मी नदीच्या दुसऱ्या अंगाला तिसऱ्यावर. माझीही तिसरी प्रत ताईकडे. रविवारी जेवायला जाताना डिस्क पिशवीत टाकतो आणि अदलाबदल करतो. यंत्र स्वतः टेबलावर, जमिनीवर कधीच नाही.

परवा भाचीची मैत्रीण आली होती. तिला हेच यंत्र हवं, आणि हातात आहेत पस्तीस हजार. आजच्या रॅमच्या भावात नवं जुळवणं शक्य नव्हतं. तिला मी ऑफिसांतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपचा रस्ता सांगितला. कंपन्या एकगठ्ठा बदलतात तेव्हा ते नीट तपासून पुन्हा विकले जातात, आणि त्यात डीडीआर४ ची रॅम आधीच बसलेली असते, जी आज सुटी घ्यायला गेलं तर जड पडते. पाहायचं ते इतकंच की प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा. विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं, अशा पेट्यांचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यामुळे पुढे मोठं ग्राफिक कार्ड बसणार नाही हे मनाशी धरून घ्यायचं. तिला रात्रीचा गरबा टिपायचा नाही, पुस्तकांची चित्रं काढायची आहेत, तेव्हा तिचं अडणार नाही. सहा कोअरचा, सोळा जीबीचा एक तिला बऱ्या भावात मिळाला, एसएसडी नवी घातली. उरलेल्या पैशांतून भाचीच्या घरी आहे तसाच मॉनिटर घेतला. येत्या रविवारी कॅलिब्रेटर तिच्याकडे जाईल.